बावीत पाव

माझ्या लहानपणी आमच्या गावात पाव हे दुखण्याचं अन्न होतं. धडधाकट माणूस भाकरी खाई, पेज पिई. पाव खाई तो आजारी, म्हातारा किंवा क्रिस्ती. कोणाच्या घरी पाव गेल्याचं कळलं की शेजारीण कुंपणावरून विचारी, "कोणाक बरां नाय गो?" ताप उतरणीला लागला की डॉक्टर चहा-पाव सांगायचे, आणि मग त्या घरातला एखादा पुरुष दुपारच्या सामसुमीत आमच्या मागल्या दाराशी येऊन खाकरायचा. पाव पंच्यात गुंडाळून काखेत मारायचा आणि चोरलेला कोंबडा नेत असल्यासारखा कुंपणाकडेने निघून जायचा. बाजारात हाच माणूस आम्हाला ओळख देत नसे. माझ्या वडलांना त्याचं काही वाटायचं नाही. आम्ही त्याला पाय म्हणायचो, आणि घरातल्या रीतीप्रमाणे एकेरीतच. पाय म्हणायचा, "दारात येताना ताप आसता. बाजारात तो उतारलेलो आसता."

आमच्या घराच्या मागे भट्टी होती असं म्हणण्यापेक्षा भट्टीच्या पुढे थोडंसं घर होतं म्हणणं खरं. मला जाग यायची ती एका आवाजाने. बांबूच्या टोकाला बांधलेलं ओलं गोणपाट तापलेल्या तळावरून फिरायचं, राख पुसली जायची आणि भट्टी एखाद्या चिडलेल्या म्हातारीसारखी फिसकारायची. मग फळीवर पिठाचे गोळे पडल्याचे मऊ थापटे. पूर्वी हे पीठ माडीने, माडाच्या आंबलेल्या रसाने, फुगायचं. सरकारने दारूबंदी केली तेव्हा पिठालाही ती लागू झाली. एक हवालदार आला, परातीवर वाकून पिठाचा वास घेतला, ताकीद दिली आणि जाताना पाव घेऊन गेला. बायकोला ताप होता. तेव्हापासून पाय आदल्या दिवसाचा गोळा राखून ठेवून त्यावर नवं पीठ आंबवायचा आणि पावाला पूर्वीची चव नाही म्हणून रोज हळहळायचा. मला ती चव पुरेशी होती. सुक्या बांगड्याची ओलं खोबरं घालून केलेली कोशिंबीर आणि कडक सालीचा गोल पाव, ज्याला आम्ही उंडो म्हणायचो, याच्याशी मी आजही, मेजवानी म्हणून कोणी काही वाढलं तर, मनात तुलना करते.

माझ्या आईचा, मायचा, अभिमान वेगळ्या जागी होता. तिच्या म्हणण्याप्रमाणे आमचं घराणं बाटण्यापूर्वी बामणाचं, त्यामुळे किनाऱ्यावर मासे मारणाऱ्या क्रिस्ती कुटुंबांत आमची सोयरीक होणं शक्य नव्हतं. धर्म बदलताना आमच्या पूर्वजांनी पुष्कळ काही मागे टाकलं असेल, पण हे मात्र पदरात गाठ मारून आणलेलं दिसतं. रविवारी ती इगर्जीत जायची आणि माझ्या परीक्षेआधी शेजारणीच्या हातून गुपचूप देवळात नारळ पाठवायची. "पाद्र्याक सांगू नको," एवढंच म्हणायची. भट्टीसाठी लाकडं महारवाड्यातले बापलेक आणायचे. त्यांना ती पाणी द्यायची ते नारळाच्या करवंटीतून. ती करवंटी मागल्या मेढीवर, म्हणजे खांबावर, पालथी असायची आणि आमच्यापैकी कोणी तिला हात लावत नसे. त्यातला लेक, धाकू, माझ्याच वर्गात होता.

आमचं हायस्कूल खाडीच्या वरच्या अंगाला होतं, आणि शाळेच्या आवारात जांभ्या दगडाच्या कठड्याची बाव होती. बाव म्हणजे विहीर, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. पाणी साफ राहावं म्हणून आमच्याकडे विहिरीत कासव सोडायची पद्धत आहे. या बावीतलं कासव शाळेपेक्षा जुनं होतं आणि हेडमास्तरांपेक्षा नियमित होतं. व्हरांड्यात हेडमास्तरांनी सुवाच्य अक्षरात पाटी लावली होती: 'येथे सर्व विद्यार्थी समान आहेत.' पाटीखालची व्यवस्था अशी होती की बहुतेक मुलं स्वतः कळशी ओढत. माझ्यासाठी शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतायचा. धाकू खालच्या ओहोळावर जायचा. यात कोणी कोणावर ओरडत नसे, त्यामुळे हा अन्याय असावा अशी शंका मला बराच काळ आली नाही.

शालन माझी मैत्रीण. तिचे वडील, आबा, शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. गावातल्या कोणत्याही खुर्चीवर बसण्यापूर्वी ते उपरण्याने ती झटकत. शालन आदल्या पावसाळ्यात विषमज्वराने महिनाभर पडली होती, आणि त्या महिन्यात आबांचा गडी आमच्या मागल्या दाराशी रोज खाकरायचा. शालन बरी झाली, पण पाव तिच्या जिभेवर बसला. बरं झालेल्या माणसाने पाव मागायचा कसा? मग मी मधल्या सुट्टीत फडक्यात बांधून उंडो न्यायची आणि आम्ही दोघी बावीच्या मागल्या अंगाला, कठड्याला टेकून तो खायचो. ती साल आधी खायची आणि मऊ गाभा शेवटी. थोडा चुरा कासवाला टाकायची. "तुझ्या पायचो हात सोन्याचो गो," म्हणायची आणि फराकच्या टोकाने ओठ पुसून वर्गात जायची.

ते दिवस गोव्याच्या सत्याग्रहाचे होते. गावातून तिरंगे घेतलेले जथे जात, आम्हीही घोषणा देत असू. पण वर्गातल्या मुलांनी ठरवून टाकलं होतं की आमच्या भट्टीच्या धुराड्यातून लिस्बनला निरोप जातो. या सगळ्यात पुढे मुकुंदा. मुकुंदाला शिव्या देता येत नसत, तो यमक जुळवायचा. त्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत 'समता' या विषयावर बोलून त्याने ढाल मिळवली होती आणि ती ढाल हेडमास्तरांच्या टेबलावर अशी ठेवली होती की छडी घ्यायला हात पुढे केला की ती आधी लागायची.

आणि एक गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती: फिरंग्यांनी लोकांना बाटवलं ते विहिरीत पाव टाकून. रात्रीतून पाव टाकला, सकाळी गाव पाणी प्यालं, आणि शेजारच्या गावाने त्यांना परत घेतलं नाही. हे असं घडलं की नाही, मला माहीत नाही. पुढे मी बरीच पुस्तकं चाळली, त्यांत खात्रीचं काही मिळालं नाही. पण मला नेहमी नवल वाटत आलं आहे ते याचं की या कथेत दुष्ट ठरतो तो पाव. दार लावून घेणारा शेजारी कोणाच्या ध्यानातच येत नाही.

त्या दिवशी आम्ही कठड्यामागे होतो. मुलं चेंडूमागे धावत अचानक आमच्या बाजूला वळली. शालन दचकली. तिच्या हातात अर्धा उंडो होता. लपवायला जागा नव्हती म्हणून तिने तो मागच्या मागे बावीत टाकला, ओठ पुसले आणि कठड्याला वळसा घालून पलीकडे मुलींत जाऊन उभी राहिली. मी फडकं हातात घेऊन तिथेच राहिले. मुकुंदा चेंडू पाहायला वाकला आणि त्याला पाण्यावर तरंगणारा पाव दिसला.

"बावीत पाव!" तो ओरडला. आणि मग कवी जागा झाला. "बावीत पाव, बाटलो गाव!"

सगळी शाळा कठड्याभोवती जमली. खालून कासव वर आलं. त्याला जगात कसलीच घाई नव्हती. त्याने मान बाहेर काढली, पावाला एक टोचणी दिली आणि दोनशे डोळ्यांसमोर सावकाश खायला लागलं.

"मेलो, कासव बाटला!" कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. मीही हसले. तेवढ्यात सगळे माझ्याकडे वळले.

पुढच्या दिवसांत यमक पुरं झालं: "बावीत पाव, बाटलो गाव! पाववाले फिलू, गोंयाक धाव!" मी फिलोमिना, घरची फिलू. आरोळ्यांपेक्षा माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच. माझ्याशेजारची मुलगी काही बोलली नाही, फक्त दप्तर उचलून पुढल्या बाकावर गेली आणि जाताना हसून म्हणाली, "हयसर वारो येता." माझी गणितं उतरवून घेणारा एक मुलगा जिन्याखाली मला हळूच म्हणाला, "माका वायट वाटता हां फिलू." पुढल्या तासाला तो चालीवर बाक वाजवत होता. दिलगिरी जिन्याखाली आणि आरोळी मैदानात, ही वाटणी मी नंतर मोठ्या माणसांच्या जगात इतक्यांदा पाहिली की आता मी जिन्याखालच्या दिलगिऱ्या घेतच नाही.

शालन मला बांधावर गाठून म्हणाली, "फिलू, सांगू नको गो."

"माका शाळेतसून काढतले."

"माका बगूक येतले हत. वेंगुर्ल्याचे. मी क्रिस्तांवांचो पाव खाल्लंय म्हणान कळला तर कोण करतलो माका? आबा माका बावीत ढकलतले." ती रडत होती. मग तिने माझा हात धरला आणि अगदी समजूत घालण्याच्या आवाजात म्हणाली, "तुझा काय गो. तू आधीच..."

पुढचा शब्द तिने गिळला. तिला वाईट म्हणायचं नव्हतं. ती मला दिलासा देत होती.

घरी पायने एकदाच विचारलं. "तू टाकलंस?"

"नाय."

"कोणी टाकलो?"

मी फळीवरचं पीठ झाडायला लागले. त्याने पिठाच्या हातांनी कपाळ पुसलं. "आमचो पाव कोण बावीत टाकीत नाय. जो खाता तो लपवता," तो म्हणाला. मला वाटतं त्याला सगळं कळलं होतं. आबांचा गडी महिनाभर कोणासाठी खाकरत होता हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्याने ते नाव घेतलं नाही. मागल्या दाराचा धंदा करणाऱ्याला तोंड बंद ठेवावं लागतं.

कमिटी बसली. ठरलं ते असं: बाव उपसायची, भटजींनी शुद्धी करायची आणि गावच्या मानकऱ्याने सगळ्या मुलांसमोर देवाला गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं की ते मागणं तुमचंही झालं. हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी आम्हाला समजावलं, "प्रत्येकाने होय म्हणायचं आहे. ज्याचा हात नाही त्याला भीती कसली? जो म्हणणार नाही त्याचं काय समजायचं, ते आम्ही समजू." पाटी त्यांच्या डोक्यामागेच होती.

पाणी उपसल्यावर कासवाला टोपलीत घालून वर आणलं. आता पेच पडला. कासव हा विष्णूचा अवतार, त्याला हाकलायचं कसं? आणि पाव खाल्लेला, त्याला ठेवायचं कसं? भटजींनी पंचगव्य पाजून शुद्ध करायचं ठरवलं. कासवाने मान आत घेतली. भटजी पळी घेऊन बसले, एका बाजूने मंत्र म्हणत आणि दुसऱ्या बाजूने "उघड रे, उघड" म्हणत. अवतार उघडेना. शेवटी पाठीवर चार थेंब शिंपडून आबांनी निकाल दिला: खाडीत सोडा. गोड्या पाण्याचं जनावर खाऱ्यात जगत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण 'सोडा' हा शब्द कानाला पुण्याचा लागतो. टोपली खाडीकडे नेण्यापूर्वी मुकुंदाने खडूने कासवाच्या पाठीवर क्रूस काढला. मोठी माणसं हसली, म्हणजे परवानगी झाली.

मग गाऱ्हाणं. मला मुलींच्या रांगेत पुढे उभं केलं होतं, म्हणजे माझे ओठ सगळ्यांना दिसावेत. शालन माझ्या मागे कुठेतरी. आवाराच्या कुंपणाबाहेर धाकू आणि त्याच्या वाडीतली दोन पोरं. त्यांना होय म्हणायलाही आत बोलावलेलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!" मानकरी बोलला. त्याचा आवाज मोठा सुंदर होता.

"होय म्हाराजा!"

"आज ह्या शाळेच्या बावीक जो बाट लागलो हा, तो दूर कर!"

"होय म्हाराजा!" इथपर्यंत मीही म्हटलं. मला बाव हवी होती, शाळा हवी होती. मॅट्रिक होऊन मला मास्तरीण व्हायचं होतं, आणि त्यासाठी आणखी एवढंच करायचं होतं.

"आणि जेच्या हातातसून ह्यो पाव पडलो, तेच्या घरात सुख रवा नये!"

"होय म्हाराजा!"

"तेच्या कपाळार कुंकू रवा नये!"

त्याचं बोट माझ्याकडे होतं. आम्ही कुंकू लावत नाही, हे रंगात आलेल्या मानकऱ्याच्या लक्षात राहिलं नसावं. माझ्या लक्षात आलं. ते वाक्य माझ्या अंगाला चिकटतच नव्हतं, ते माझ्यावरून मागे जात होतं. आज मी देवाकडे एक रजेवर गेलेला अधिकारी म्हणून पाहते, पण तेव्हा मी परीक्षेआधी नारळ पाठवणाऱ्या आईची मुलगी होते. गाऱ्हाणं लागतं, यावर माझा जितका विश्वास होता तितका इगर्जीतल्या कशावरही नव्हता. होय म्हटलं तर मी सुटते आणि ते शालनला लागतं. गप्प बसलं तर ते लागणार नाही, कारण एक आवाज कमी पडेल. असलं गणित त्या वयातच सुचतं.

"होय म्हाराजा!" सगळी शाळा ओरडली. त्यात मागून एक आवाज उंच, चिरका, सगळ्यांच्या वर होता. तो मी ओळखला.

माझे ओठ मिटलेले होते. हेडमास्तर ते पाहत होते. मुकुंदा पाहत होता. आबांनी उपरणं झटकलं.

दुसऱ्या दिवशी पाय शाळेत जाऊन आला. हेडमास्तरांनी त्याला खुर्ची दिली म्हणे. "मुलगी हुशार आहे," ते म्हणाले, "पण वातावरण बिघडतं." पायने घरी येऊन एवढंच सांगितलं, "फाल्यांपासून शाळेक जाव नको." मग बांबू घेतला आणि भट्टी पुसायला लागला. माय रडली आणि म्हणाली, "होय म्हणाक तुझा काय जाय होता?"

धाकू लाकडं घेऊन आला तेव्हा त्याच्याबरोबर मी खाडीवर गेले. ओहोटी होती. चिखलात कासव उलटं पडलेलं होतं, भोवती हातात मावतील एवढे दगड. धाकूने काठीने ते सुलटं केलं. खडू भिजून गेला होता, पण क्रूस ओळखू येत होता. मी रडायला लागले. म्हटलं, माका बावीर येवक देणत नाय आता.

धाकूने काठी चिखलात रोवली. मग म्हणाला, "तुका बावीरसून काढल्यानी. माका काढूक तरी आधी जावक व्हया होता." त्यात राग नव्हता. हिशेबातली चूक दाखवावी तसं तो बोलला. आम्ही परत आलो. त्याला तहान लागली होती. मायने करवंटीतून पाणी दिलं, तो प्याला, करवंटी विसळली आणि मेढीवर पालथी घातली. मी बघत होते. त्या आधीही मी ते रोज बघायची.

मी पुढे आंबोलीच्या घाटाने बेळगावला मावशीकडे गेले आणि तिथे शिकले. मास्तरीण झाले. धाकूचं घर नंतर बौद्ध झालं. त्याने मुंबई गाठली आणि गावाशी संबंध ठेवला नाही, त्यातलं शहाणपण मला उशिरा कळलं. मुकुंदा पुढारी झाला. अलीकडे ओरोसला एका समारंभात तो सामाजिक सलोख्यावर बोलला. मी तिसऱ्या रांगेत होते. यमक अजून सुटलेलं नाही.

शालनचं लग्न वेंगुर्ल्यालाच झालं, आणि काही वर्षांतच तिचा नवरा गेला. काविळीने गेला. बायका विधवा होण्यासाठी जगाला गाऱ्हाण्याची गरज पडत नाही, हे मी कोणालाही पटवून देऊ शकते. शालनला सोडून. गेल्या उन्हाळ्यात तिच्या सुनेने मला बोलावून घेतलं. शालन खाटेवर उशांना टेकून बसली होती, अगदी बारीक झालेली. सून चहा आणि पाव घेऊन आली. आता तो पुढल्या दाराने येतो, प्लास्टिकच्या पिशवीतून. शालनने साल काढून बाजूला ठेवली, दात नव्हते, आणि गाभा चहात बुडवला.

सून आत गेल्यावर ती म्हणाली, "तू होय म्हणाक नाय."

मी तिच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"मी तुझो आवाज शोधी होतंय. सगळ्यांत. म्हटलां, फिलू म्हणता काय बगू. तू म्हणाक नाय." तिने बुडवलेला तुकडा तसाच बशीत ठेवला. "मग माझी मीच म्हटलंय. मोठ्यान. माझाच होय लागला माका."

"तसा काय नसता गो शालन," मी म्हटलं. सगळी पुस्तकं चाळून माझ्याकडे एवढंच वाक्य उरलं होतं.

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मग एकदम, लहान मुलीसारखी, विचारलं, "आणि ता कासव? तेचा काय झाला गो?"

"पेवत गेला," मी म्हटलं, आणि हाताने पोहून दाखवलं. "मी बगलंय. खाडीतसून वरती, गोड्या पाण्यात."

"होय?" ती म्हणाली.

"होय," मी म्हटलं.